ओलं रोज, कोरडं शनिवारी : डोंबिवलीतल्या एका घराचं प्रकरण

घर डोंबिवली पूर्वेला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दोन बेडरूम, हॉल, किचन आणि एक चिंचोळी ड्राय बाल्कनी. माणसं पाच: माझी मावसबहीण, तिचा नवरा, सातवीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. बहीण मुलुंडला बँकेत, नवरा अंधेरीला. सकाळी दोघंही लोकल पकडायला बाहेर पडतात ते रात्री आठच्या सुमाराला परत येतात. भांडी आणि केर-लादीला मावशी अकरा वाजता येतात, रविवारी त्यांची सुट्टी. हे सगळं बहिणीच्या परवानगीनं लिहितेय. नावं तिनंच घालू दिली नाहीत. "आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे वाचतात," म्हणाली.

या घराला कुणी अस्वच्छ म्हटलं नसतं. उलट नातेवाइकांत तिच्या टापटिपीचं कौतुकच व्हायचं. पण ती टापटीप रविवारी कमावलेली असायची. चहा झाला की ओढणी कमरेला बांधून ती पंख्यांपासून सुरुवात करायची. मग शोकेसमधल्या काचेच्या वस्तू एकेक काढून पुसायच्या, किचनच्या टाइल्स घासायच्या, सोफा सरकवून मागचा केर काढायचा, चादरी बदलायच्या, मुलांची कपाटं उपसायची. दुपारचं जेवण तीनला. तोवर कुणीतरी रडलेलं असायचं, कुणीतरी दार आपटून खाली गेलेलं असायचं. नवरा मदत करायचा, पण दर दहा मिनिटांनी "आता काय करू?" विचारत. बुधवार उजाडेपर्यंत घर होतं तसं झालेलं असायचं. तिचा निष्कर्ष एकच: आपण कमी पडतो.

पिंपातल्या अळ्या

त्या सप्टेंबरात मुलाला डेंग्यू झाला. ताप, अंगदुखी, रोज रक्ततपासणी, प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्या घराचा जीव टांगलेला. तो बरा झाला. दरम्यान महापालिकेच्या आरोग्य विभागाचे कर्मचारी इमारतीत घरोघरी पाहणी करत आले. त्यांनी शोकेसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट बाथरूममध्ये गेले, कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात टॉर्च मारला आणि वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. बाल्कनीतल्या मनीप्लँटच्या बाटलीतही त्या होत्याच.

डोंबिवलीत बऱ्याच इमारतींत पाणी ठरलेल्या वेळेला येतं, त्यामुळे पिंप भरून ठेवणं ही सवयच. रोज वापरायचं पाणी बादलीत घेतात आणि पिंप "अडीअडचणीला" म्हणून तसंच भरलेलं राहतं. वर अर्धवट झाकण. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात, पुन्हा पाणी चढलं की फुटतात. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक "कोरडा दिवस", म्हणजे पाणी साठवलेली भांडी रिकामी करायचा दिवस, पाळायला सांगतं. आठवडा हा आकडा कॅलेंडरच्या सोयीसाठी निवडलेला नाही, डासाच्या आयुष्यक्रमातून आलेला आहे. आणि पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं, कारण अंडी भिंतीला असतात.

मुलाला चावलेला डास याच पिंपातला होता असं म्हणायला आधार नाही. हा डास दिवसा चावतो, तेव्हा मूल शाळेत असतं, क्लासला असतं, खाली खेळत असतं. बहिणीला मात्र ते पिंप भलतंच लागलं. दर रविवारी सहा सहा तास राबून जिथे खरं जगणारं, वाढणारं काहीतरी होतं तिथे हातच गेला नव्हता. मला तिनं फोन केला तो तेव्हा. "ताई, मी नक्की काय साफ करतेय?"

मला हा प्रश्न फार आवडला. लोक सहसा "कधी करू" आणि "कशानं करू" एवढंच विचारतात.

आठवडाभराचा कागद

आधी काहीच बदलायचं नाही असं ठरलं. फ्रिजवर एक कागद लावला आणि घरात ज्यानं जे साफसफाईचं काम केलं ते त्यानं स्वतः लिहायचं, किती मिनिटं लागली तेही. आजींची कामं नातीनं लिहायची.

कागदावरून पहिली गोष्ट कळली ती ही की घराला वेळ कमी मिळत नव्हता. मावशींचा तास-सव्वातास, बहिणीचं रोजचं काहीबाही आणि रविवार, आजींची दिवसभराची बारीक आवराआवर, हे सगळं मिळून एवढ्याशा घराला पुरेसं होतं. वेळ चुकीच्या ठिकाणी जात होता आणि चुकीच्या माणसाचा जात होता.

माणसांच्या वाटणीबद्दल फार आश्चर्य वाटायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८, असं आढळलं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली! शिवाय ही सरासरी काम करणाऱ्यांचीच आहे. त्या दिवशी घरकामाला मुळात हात लावणारे पुरुषच बायकांच्या मानानं खूप थोडे.

या घरातला नवरा हात लावणाऱ्यांतला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याचं म्हणणं, "ताई, मी नाही कधी म्हणतो का? तिनं सांगावं, मी करतो." अडचण नेमकी तिथेच होती. काय करायचं राहिलंय हे बघणं, लक्षात ठेवणं, योग्य वेळी सांगणं, झालं का ते पाहणं, हेसुद्धा काम आहे आणि ते कागदावर कुठेच येत नव्हतं. बहीण आठ तास नोकरी करून उरलेल्या वेळात मुकादम झाली होती.

दुसरी गोष्ट मावशींनी दाखवली. त्यांना विचारलं, तुम्हाला इथे काय त्रास होतो? त्या आधी नको नको म्हणाल्या. मग बोलल्या, "ताई, लादी पुसायला लादी दिसाया तर पाहिजे." हॉलमध्ये दप्तरं, बेडरूममध्ये चपला, खेळणी, जमिनीवर चार्जरच्या वायरी. त्यांचा निम्मा वेळ वस्तू उचलण्यात जायचा, आणि उचललेली वस्तू कुठे ठेवायची ते माहीत नसल्यामुळे ती पलंगावर जायची, रात्री परत खाली. लादी पुसण्याचे पैसे देऊन घरानं पसारा इकडून तिकडे करणं विकत घेतलं होतं.

वाढतं ते आणि साचतं ते

सगळी घाण एकाच जातीची नसते. या प्रकरणातली माझी भर एवढीच, बाकी सगळं त्या घरानं केलं.

काही घाण रात्रीत वाढते. खरकटं, ओला कचरा, ओलं फडकं, सिंकची जाळी, बाथरूमची ओली फरशी. उबदार ओलाव्यात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. झुरळांना रात्री दोनच गोष्टी हव्या असतात, पाणी आणि अन्नाचा कण, आणि सिंकमध्ये दोन्ही एकत्र मिळतं. किचनमध्ये दिसणाऱ्या लहान, फिकट तपकिरी जर्मन झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात. इथे एक रात्र चुकली की दुसऱ्या दिवशीचं काम दुप्पट होतं.

काही घाण नुसती साचते. शोकेसवरची धूळ, पंख्याच्या पात्यांवरचा थर, खिडकीची जाळी, कपाटाच्या डोक्यावरचा केर. पंधरा दिवसांनी पुसलं तरी तेच फडकं, तेवढाच वेळ. घरात धुळीनं दमा उठणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. या घरात नव्हतं.

मधे एक तिसरी जात आहे, चिकटणारी. तेलाची वाफ एक्झॉस्ट फॅनवर आणि टाइल्सवर बसते. ताजी असताना भांड्यांच्या साबणानं सहज निघते. पण उष्णता आणि हवा लागून तेलाचा तो पातळ थर हळूहळू घट्ट होत वार्निशसारखा होतो. मग तो पुसला जात नाही, खरवडावा लागतो. बोअरच्या पाण्याचे नळावरचे पांढरे डागही तसेच, आठवड्याचा क्षार लिंबाच्या फोडीनं निघतो, वर्षाचा निघत नाही.

आणि पसारा ही घाणच नव्हे. तो न घेतलेला निर्णय असतो. त्याच्यावर फडकं मारून काही होत नाही.

ही फोड केल्यावर बहिणीचा रविवार उघडा पडला. तिचे सहा तास जवळजवळ सगळे साचणाऱ्या गोष्टींवर आणि पसाऱ्यावर जात होते, कारण त्या दिसतात. पाहुणा हॉलमध्ये बसतो, सिंकखाली वाकून बघत नाही. वाढणारी घाण मात्र रात्री अकरा वाजता, सगळे थकलेले असताना, "सकाळी बघू" म्हणून सोडली जायची.

मग नियम एका ओळीत बसला: ओलं रोज, कोरडं शनिवारी.

रात्रीचा ओटा

रोजचं काम रात्रीच्या वीस मिनिटांत बसवलं. ते नवऱ्यानं घेतलं, आणि "मदत" म्हणून नव्हे. ओटा, सिंक, ओला कचरा, फडकी ही त्याची जागा. तिथे काय करायचं ते त्यानं बघायचं, तिनं सांगायचं नाही.

क्रम ठरायला काही दिवस गेले. शेवटी असा बसला: उरलेलं अन्न लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये, खरकटं ओल्या कचऱ्यात, मोठी भांडी विसळून ड्राय बाल्कनीतल्या टबात, गॅसच्या बर्नरभोवतीचं पुसून, ओटा साबणाच्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं. सिंकची जाळी उपडी करून घासायची. शेवटी सिंकही कोरडं पुसायचं. या शेवटच्या गोष्टीला तो हसला होता, सिंक कोण पुसतं? पण झुरळं कमी करण्यात सगळ्यात मोठा हात त्याचाच असावा असं मला वाटतं. झुरळं मारायचं जेल लावलं होतंच. पण ओट्यावर तेलाचे शिंतोडे आणि सिंकमध्ये भाताची शितं असताना झुरळ जेल कशाला खाईल? आणि जेल लावलेल्या जागी वरून स्प्रे मारला तर झुरळं तिकडे फिरकतच नाहीत, पैसे दोन्हीकडून वाया.

फडक्यांचं वेगळं. ओट्याचं फडकं रोज धुऊन वाळत घालायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं. दिवसभर ओलं राहून वास मारणारं फडकं ओट्यावर फिरवण्यापेक्षा ओटा न पुसलेला बरा.

पहिली कुरबुर आजींची होती. तिन्हीसांजेनंतर केर काढलेला त्यांना चालत नाही, लक्ष्मी जाते. (मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात एखादा मणी, अंगठी केरात जाऊ नये म्हणून हे पडलं असावं असं सांगतात. मला पटतं.) वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि गरजही नव्हती, केर कोरडा आहे, तो सकाळी अकराला मावशी काढतात. रात्री फक्त ओलं काम. हे ऐकल्यावर आजीच म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे चूल सारवल्याशिवाय कुणी निजत नसे. खरकटा ओटा ठेवून झोपायचं हे तुमचंच नवीन." आपल्या मुलाला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, ओटा पुसताना बघून त्यांना पहिले काही दिवस कसंनुसं व्हायचं, "दे इकडे, मी करते" म्हणत उठायच्या. त्यांच्या गुडघ्यांनीच त्यांना खाली बसवलं.

दुसरी कुरबुर जास्त अवघड होती. नवरा ओटा करायचा आणि बहीण पाणी प्यायला म्हणून आत येऊन बर्नरखालचं पुन्हा पुसायची. तोंडानं काही नाही, नुसतं फडकं फिरवायची. आठवड्याभरात त्याचा हात सैल पडला. "तुला परत करायचंच आहे तर मी कशाला करू?" यात दोघंही बरोबर होते. त्याचं पुसणं खरंच वरवरचं होतं आणि तिचं येणं खरंच अपमानाचं होतं. सुटलं ते एका साध्या गोष्टीनं: "झालं" म्हणजे काय ते दोघांनी एकदा ओट्यासमोर उभं राहून ठरवलं. हात फिरवला तर चिकट लागता कामा नये, सिंकमध्ये काही नको, डबा रिकामा आणि झाकलेला. एवढं असेल तर झालं. त्यापलीकडे टाइल्सच्या फटी दिसल्या तरी तिनं बघायचं नाही. तिला हे फार जड गेलं. अजूनही जातं.

शनिवार

नवऱ्याला शनिवारी सुट्टी, बहिणीला महिन्यातले दोन शनिवार. मुलांची शाळा सकाळची. दुपारच्या चहानंतर एक तास, पाचही जणं. आजी बसून.

पिंप मुलाकडे. डेंग्यूतून उठलेल्या माणसाला हे काम समजवावं लागत नाही. तो टॉर्च घेऊन फिरतो: पिंप, मनीप्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे. या ट्रेबद्दल घरात कुणाला माहीतच नव्हतं. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजचं पाणी मागे एका उथळ ताटलीत जमतं, आणि ती ताटली बहुतेक घरांत फ्रिज विकताना पहिल्यांदा दिसते. पिंपाचं पाणी फेकत नाहीत, त्याच पाण्यानं बाथरूम धुतात. मोठं पिंप जाऊन आता घट्ट झाकणाचं लहान आलंय, कारण रिकामं करून घासायला मुलाच्या हाताला झेपायला हवं.

संडास-बाथरूम बहीण आणि नवरा आलटून पालटून. इथे दोन गोष्टी लिहून दाराच्या आत चिकटवल्यात. एक, संडासात टाकायचं आम्लाचं द्रव आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद, बारक्या बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" ही समजूत मी चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहिली आहे. दोन, आम्ल फक्त कमोडमध्ये. या घरात बाल्कनीला कोटा आहे आणि ओट्याखालच्या फळ्या कडप्पाच्या. कोटा, कडप्पा, शहाबादी हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. ॲसिड, व्हिनेगर, अगदी लिंबूसुद्धा त्यांना खातं, चकाकी जाऊन पांढरट डाग पडतो आणि तो डाग म्हणजे दगडच झिजलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. ग्रॅनाइटच्या ओट्याला थोडं लिंबू चालतं. म्हणजे इंटरनेटवरची "लिंबू आणि व्हिनेगर" वाली युक्ती आपल्या घरात कुठे चालेल, ते आपला दगड बघून ठरवायचं.

फिनेलवर आमचं एकमत झालं नाही. बहिणीला त्या वासाशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही. माझं म्हणणं, चिकट लादीवर फिनेल म्हणजे घाणीला अत्तर. आधी साबणाच्या पाण्यानं मळ निघाला पाहिजे, मळ असताना जंतुनाशकाचा जोर तसाही कमी पडतो. तिनं माझं ऐकून घेतलं आणि फिनेलची नवी बाटली आणली.

चिमणीच्या जाळ्या महिन्यातून एकदा गरम पाणी आणि साबणात. धुण्याचा सोडा तेल झटकन काढतो, पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर काळी पडते, स्टीलची असेल तर चालतं. चादरी-अभ्रे शनिवारी मशीनला. पंखे, जळमटं, खिडक्या यांना रोजच्या यादीतून आणि आठवड्याच्या यादीतूनही हाकललं. दर शनिवारी त्यातली फक्त एकच गोष्ट, जी सगळ्यात वाईट दिसतेय ती. तास संपला की थांबायचं, अर्धा पंखा राहिला तरी. हा "थांबायचं" भाग बहिणीनं सगळ्यात उशिरा शिकला.

दिवाळीची साफसफाई यातच विरघळली. पूर्वी चार दिवस घर उलथंपालथं व्हायचं. आता गणपती गेले की दर शनिवारी माळ्याचा एक कोपरा, एक पडदा, एक कपाट. या प्रथेमागे शहाणपण होतंच: चार महिन्यांच्या ओलीनंतर गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायची तीच वेळ. फक्त ते सगळं वसुबारसेच्या आदल्या दिवशी करावं असं कुणी सांगितलेलं नाही.

पसारा, जो सुटला नाही

मुलांसाठी आधी तक्ता केला होता. फ्रिजवर, चांदण्या चिकटवायच्या, महिनाअखेर बक्षीस. सहामाही परीक्षेपर्यंत चालला. नंतर धाकटी चांदण्यांचा हिशेब करू लागली आणि थोरला चांदणी नको म्हणून काम टाळू लागला. तक्ता गेला याचं मला वाईट वाटलं नाही, कारण त्यानं बहिणीला मुकादमाची पर्यवेक्षक केलं होतं. आता कामं माणसांना नाहीत, जागा माणसांना आहेत. दाराजवळचा चपलांचा स्टँड आणि पायपुसणं धाकटीचं. तिथे एक जरी चप्पल वाकडी असली तरी ती बाबांनाही परत बोलावते.

मग प्रत्येकाला एक टोपली दिली. सकाळी मावशी यायच्या आत जमिनीवरचं सगळं ज्याच्या त्याच्या टोपलीत. मावशींना लादी दिसू लागली, हा खरा फायदा. पण टोपल्या भरल्या आणि भरलेल्याच राहिल्या. नवऱ्याच्या टोपलीत जुन्या मोबाइलचे चार्जर, एक बंद घड्याळ, न उघडलेली टपालं. शनिवारी टोपली रिकामी करायची असं ठरलंय आणि ते कुणीच करत नाही.

धुतलेल्या कपड्यांची खुर्ची तशीच आहे. तिच्यावर बसता येत नाही हे घरानं मान्य केलंय.

आजींचे डबे हा स्वतंत्र विषय. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, औषधांचे, सगळे धुऊन, पुसून, एकात एक घालून माळ्यावर. "लागतात गं." आणि खरंच लागतात, मावशींना भाजी द्यायला, शेजारी फराळ पाठवायला. तह असा झाला की एका खणात मावतील तेवढे ठेवायचे. तो खण आता माळ्यावरचा सगळ्यात मोठा खण आहे.

मावशींची सुट्टी आणि पावसाळा

मे महिन्यात मावशी भाचीच्या लग्नाला गावी गेल्या आणि तीन आठवडे आल्या नाहीत. पूर्वी अशा वेळी घरात फोनाफोनी सुरू व्हायची, "बदली बाई" शोधायची धडपड, आणि मावशींवर राग. या वेळी सुट्टीचे पैसे न कापता दिले. ज्यांना पगारी रजा मिळते त्यांनीच दुसऱ्याची कापावी हे मला तरी कधी समजलं नाही. घर मात्र वेगळ्या नियमावर गेलं: भांडी प्रत्येकानं आपलं ताट-वाटी, कुकर-कढई रात्रीच्या ओट्यात. केर रोज, लादी फक्त किचन आणि बाथरूमपुढची. हॉलची लादी आठवड्यातून एकदा. ओलं रोज, कोरडं शनिवारी हा नियम खरा कामाला आला तो या तीन आठवड्यांत, कारण काय सोडायचं ते आधीच ठरलेलं होतं.

पावसाळ्यात नियमच थोडा मोडतो, कारण कोरडं असं काही उरत नाही. घरात दोरीवर वाळणाऱ्या मशीनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. ते भिंतीवर बसतं, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे बुरशी धरते. कपाट चार बोटं पुढे ओढलं, कपड्यांच्या खोलीत पंखा आणि अर्धी उघडी खिडकी ठेवली. बुरशी आली तर कोरड्या ब्रशनं झाडायची नाही, कण हवेत उडतात, साबणाच्या ओल्या फडक्यानं टिपायची आणि जागा वाळवायची. भिंत बाहेरून झिरपत असेल तर घरातल्या कुठल्याच वेळापत्रकाचा उपयोग नाही, ते सोसायटीच्या सभेत मांडायचं काम आहे. ते मांडलंय. निविदा मागवणार आहेत म्हणे.

सध्या

रविवार मोकळा झालाय. बहिणीच्या मनातली यादी मात्र तेवढी हलकी झालेली नाही. साफसफाई वाटली गेली, पण गॅस कधी संपेल, शाळेचा कुठला फॉर्म राहिलाय, आजींच्या गोळ्या कधी आणायच्या हे अजून तिच्याच डोक्यात आहे. नवऱ्याला हे दिसू लागलंय एवढं म्हणता येईल. "पुढची जागा औषधांची घेतो," असं तो मागच्या वेळी म्हणाला. घेतलेली नाही अजून.

शोकेसवर धूळ असते. मागच्या महिन्यात तिची नणंद आली तेव्हा तिनं बोट फिरवून पाहिलं. बहिणीनं चहा टाकला.

आता आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. त्यानंतरचे काही महिने त्या वॉकरवर असतील, म्हणजे बाथरूमची फरशी दिवसातून एकदा कोरडी असून भागणार नाही, प्रत्येक आंघोळीनंतर कोरडी लागेल. दाराजवळ वायपर टांगलाय आणि जो आंघोळ करेल त्यानंच पाणी ओढायचं असं ठरलंय. पायपुसणी सरकतात म्हणून काढून टाकायची आहेत, याला धाकटीचा विरोध आहे, ती तिची जागा. अकराला मावशींना दार कोण उघडणार हे ठरायचंय. समोरच्या काकूंकडे किल्ली ठेवायचा विचार चाललाय.